'हॅव'च्या कसोटीवर तीन डिक्शनऱ्या : ऑक्सफर्ड, लाँगमन, केंब्रिज

डिक्शनरी पारखायची असेल तर तिच्यात अवघड शब्द शोधू नये. अवघड शब्दाला बहुतेक वेळा अर्थ एकच असतो आणि तो कुठलाही कोश बरोबर देतो. खरा कस लागतो तो 'हॅव'सारख्या शब्दावर. दिवसातून शंभर वेळा तोंडात येणारं हे क्रियापद पहिलीपासून शिकवलेलं असतं, आणि तरीही ऑफिसच्या मेलमध्ये, रजेच्या अर्जात, मुलाखतीत तेच घात करतं. म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेल्या तीन डिक्शनऱ्यांची मोफत संकेतस्थळं इथे फक्त या एका क्रियापदापुरती तपासली आहेत. ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स, लाँगमनची कंटेम्पररी इंग्लिश आणि केंब्रिजची, अशा या तीन.

निकाल आधीच सांगतो. मराठी माणसाने पहिली उघडावी ती ऑक्सफर्ड. शंका उरली तर लाँगमन, आणि काळाचा घोळ असेल तर थेट केंब्रिजचं व्याकरण. खिशातल्या इंग्रजी-मराठी डिक्शनरीत मात्र या शब्दासाठी जाऊच नये. तिथे 'हॅव म्हणजे असणे' एवढंच सापडतं आणि बहुतेक चुकांचा उगम त्या एका ओळीत आहे.

ऑक्सफर्डच्या कोशाचा जन्म इंग्लंडमधला नाही. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. तिथल्या विद्यार्थ्यांना शब्दाचा अर्थ कळायचा, पण वाक्य बसवता यायचं नाही. म्हणून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कोश केला, तो 1942 मध्ये तोक्योत छापला गेला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला. क्रियापदामागे काय येतं याचे पंचवीस साचे त्यांनी पाडले होते. आजच्या पानावर ते आकडे दिसत नाहीत, पण अर्थाच्या आधी ठळक अक्षरांत साचा देण्याची पद्धत तीच आहे. आपल्यालाही अर्थापेक्षा साचाच हवा असतो. लाँगमनची पहिली आवृत्ती 1978 ची. सगळ्या व्याख्या साधारण दोन हजार सोप्या शब्दांत बसवायच्या, हा तिचा नेम. त्यामुळे व्याख्या वाचायला दुसरी डिक्शनरी लागत नाही.

आता तिन्हींमध्ये जे नाही ते. या डिक्शनऱ्या साऱ्या जगासाठी आहेत, त्यामुळे मराठी माणूस नेमका कुठे घसरतो हे त्या सांगत नाहीत. मराठीत 'हॅव' नाहीच. त्या जागी आपल्याकडे चार-पाच दारं आहेत. 'माझ्याकडे गाडी आहे.' 'मला दोन बहिणी आहेत.' 'तिचे केस लांब आहेत.' 'या घराला तीन खोल्या आहेत.' 'माझ्यात तेवढी हिंमत नाही.' कडे, ला, चे, त असे वेगवेगळे प्रत्यय आणि शेवटी सगळीकडे 'आहे'. इंग्रजीत या सगळ्यांना एकच दार: 'आय हॅव अ कार', 'आय हॅव टू सिस्टर्स', 'शी हॅज लाँग हेअर', 'द हाउस हॅज थ्री रूम्स', 'आय डोन्ट हॅव द करेज'. मराठीतली 'माझ्याकडे', 'तिचे', 'घराला' ही माणसं आणि वस्तू इंग्रजीत पुढे येऊन कर्त्याच्या जागी बसतात. 'हर हेअर्स आर लाँग' असं वाक्य बनतं ते तिसऱ्या दारातून शब्दशः आल्यामुळे, आणि त्यात 'हेअर'चं अनेकवचन ही वरची चूक. माझ्याकडे आणि माझ्याजवळ यांत आपण जो फरक करतो तोही इंग्रजीत आहे. 'माझ्याजवळ सुटे नाहीत' याला 'आय डोन्ट हॅव एनी चेंज ऑन मी'. शेवटचं 'ऑन मी' म्हणजे आपलं 'जवळ'.

ऑक्सफर्डने अर्थांना छोटी शीर्षकं दिली आहेत: मालकी, नातं, गुण किंवा वैशिष्ट्य, आजार, जेवण, प्रसंग. पान उघडलं की वरून खालपर्यंत वाचू नका. आपलं मराठी वाक्य कुठल्या दारातलं आहे ते ठरवा आणि त्या शीर्षकाशी जा. ऑक्सफर्ड मालकीपासून सुरुवात करते, लाँगमन गुण-वैशिष्ट्यापासून. दिसायला किरकोळ वाटेल, पण 'तिचे केस लांब आहेत' या दारात अडकणाऱ्याला लाँगमनचं पान लवकर पावतं.

याच चार-पाच दारांमुळे 'हॅव' आणि 'हॅज'ची चूक होते, आणि ती का होते हे एकदा समजलं की निम्मी कमी होते. 'तिला दोन मुलं आहेत' या वाक्यात 'आहेत' हे मुलांमुळे आलं, तिच्यामुळे नाही. मराठी क्रियापद जे आहे त्या वस्तूकडे बघतं. इंग्रजी क्रियापद ज्याच्याकडे आहे त्या माणसाकडे बघतं. म्हणून कानात 'आहेत' घुमत असताना हात 'शी हॅव टू चिल्ड्रन' लिहून मोकळा होतो. मुलं कितीही असोत, 'शी' एकटीच आहे, तेव्हा 'शी हॅज टू चिल्ड्रन'. उलट 'त्यांच्याकडे एकच गाडी आहे' याचं 'दे हॅव ओन्ली वन कार', गाडी एक असली तरी 'हॅव'. ही गोष्ट तिन्ही डिक्शनऱ्यांत शोधून सापडणार नाही. ती मराठीच्या बाजूनेच दिसते.

ऑक्सफर्डच्या पानावरची सगळ्यात मोलाची ओळ कंसात असते आणि म्हणूनच नजरेतून सुटते: 'नॉट यूज्ड इन द प्रोग्रेसिव्ह टेन्सेस'. म्हणजे या अर्थाने 'हॅविंग' चालत नाही. मालकी, नातं, गुण या अर्थांपाशी ही सूचना आहे. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'आर यू हॅविंग चेंज?', 'वी आर हॅविंग अवर ऑफिस इन ठाणे' ही सगळी वाक्यं त्या एका ओळीने बाद होतात. 'आहे' दिसलं की 'ॲम', 'इज', 'आर' लिहायची शाळेतली सवय इथे आडवी येते. पण 'हॅविंग' सगळीकडेच चुकीचं असं समजून ते टाकूनही देऊ नका. घडत असलेली, सुरू होऊन संपणारी गोष्ट असेल तर तेच लागतं: 'वी आर हॅविंग लंच', 'दे आर हॅविंग अ मीटिंग', 'आय ॲम हॅविंग ट्रबल विथ द लॉगिन'. फरक किती मोठा होऊ शकतो ते दोन वाक्यांत बघा. 'शी हॅज अ बेबी' म्हणजे तिला बाळ आहे. 'शी इज हॅविंग अ बेबी' म्हणजे तिला बाळ होणार आहे. एचआरला पाठवायच्या मेलमध्ये ही अदलाबदल झाली तर रजेचा प्रकारच बदलतो.

या बाबतीत लाँगमनही जवळपास तशीच सूचना देते. केंब्रिज अर्थांपाशी एवन (A1, अगदी सुरुवातीची), बीवन (B1, मधली) अशा शिकण्याच्या पातळ्या दाखवते, त्यामुळे आधी कुठला अर्थ शिकावा हे कळतं. मुलांना शिकवणाऱ्यांना ते उपयोगी आहे. मोठ्यांना फारसं नाही, कारण मोठ्यांच्या चुका एवनच्याच अर्थांत असतात.

आजाराच्या अर्थापाशी जरा जास्त वेळ थांबावं लागतं, कारण तिथे 'हॅव'पेक्षा 'अ' त्रास देतो. 'आय ॲम हॅविंग फीव्हर' हे रजेच्या अर्जातलं नेहमीचं वाक्य. त्यात दोन दुरुस्त्या आहेत: 'हॅविंग' काढायचं आणि 'अ' घालायचा. 'आय हॅव अ फीव्हर', 'आय हॅव अ कोल्ड', 'आय हॅव अ हेडेक'. पण 'आय हॅव मलेरिया', 'शी हॅज डेंग्यू', 'ही हॅज डायबेटीस', इथे 'अ' नाही. ढोबळमानाने बघितलं तर अंगावर जाणवणाऱ्या तक्रारींना 'अ' लागतो, रोगाच्या नावांना लागत नाही. पण जुलाबाला 'डायरिया' म्हणताना 'अ' येत नाही, आणि दातदुखीत ब्रिटिश माणूस 'अ' लावतोही, सोडतोही. म्हणून यासाठी 'हॅव'चं पान सोडून त्या आजाराच्या नावाचं पान उघडा. तिथे नामापुढे मोजता येणारं की न येणारं याची खूण असते. न मोजता येणारं असेल तर 'अ' नाही. दहा सेकंदांचं काम आहे आणि तिन्ही डिक्शनऱ्यांत जमतं.

खाण्यापिण्यात आपलं 'घेणे' आडवं येतं. 'चहा घेणार?' याचं 'विल यू टेक टी?' होतं. समोरच्याला कळतं, पण सहज बोलण्यात 'विल यू हॅव सम टी?' म्हणतात. औषधाच्या गोळीला मात्र 'टेक' बरोबर. 'जेवलात का?' यासाठी 'हॅव यू हॅड लंच?'. 'हॅव'नंतर 'हॅड' बघून पुष्कळांना ते चुकून दोनदा लिहिलंय असं वाटतं. पहिलं सहायक आहे, दुसरं जेवण. 'डिड यू हॅव लंच?' हेही चालतं, 'डिड यू हॅड' कधीच नाही, कारण भूतकाळ 'डिड'ने आधीच उचललेला असतो. खाण्यापिण्यासारखंच नामाबरोबर चालणारं हे क्रियापद बऱ्याच जागी दिसतं: 'हॅव अ लुक', 'हॅव अ ट्राय', 'हॅव अ वर्ड'. शेवटच्यापाशी जपून. 'आय हॅड अ वर्ड विथ द मॅनेजर' म्हणजे मॅनेजरशी दोन शब्द बोललो. 'आय हॅड वर्ड्स विथ द मॅनेजर' म्हणजे मॅनेजरशी वाजलं. मराठीत 'दोन शब्द' म्हणतो म्हणून इंग्रजीत अनेकवचन करायला गेलात तर भांडण झाल्याचं कळवाल. हे दोन्ही वाक्प्रचार 'हॅव'च्या पानापेक्षा 'वर्ड'च्या पानावर खाली, वाक्प्रचारांच्या यादीत लवकर सापडतात. कुठलाही वाक्प्रचार शोधताना त्यातला वजनदार शब्द टाका, 'हॅव' नको.

आता मराठी माणसाला 'हॅव'चा जो प्रकार सगळ्यात सोपा जायला हवा आणि ज्याकडे कुणी फिरकत नाही, तो बघू. 'करून घेणे'. आपल्याकडे 'मी केस कापले' आणि 'मी केस कापून घेतले' यांत गल्लत होत नाही. इंग्रजीत तोच फरक 'हॅव'ने होतो. 'आय कट माय हेअर' म्हणजे स्वतः कात्री घेऊन. 'आय हॅड माय हेअर कट' म्हणजे सलूनमध्ये. ऑक्सफर्डने हा साचा ठळक दिला आहे: 'हॅव समथिंग डन'. वस्तू मध्ये, क्रियापदाचं तिसरं रूप शेवटी. क्रम हलला की अर्थ उलटतो. 'आय हॅड द स्कूटर रिपेअर्ड' म्हणजे स्कूटर दुरुस्त करून घेतली. 'आय हॅड रिपेअर्ड द स्कूटर' म्हणजे मी स्कूटर दुरुस्त केली होती, स्वतःच्या हाताने. शब्द तेवढेच, जागा बदलली आणि मेकॅनिक गायब. कुणाकडून करून घेतलं ते सांगायचं असेल तर दुसरा साचा: 'आय हॅड द इलेक्ट्रिशियन चेक द वायरिंग'. इथे 'चेक'च्या आधी 'टू' येत नाही. 'गेट' वापरलं तर मात्र 'टू' हवा: 'आय गॉट द इलेक्ट्रिशियन टू चेक द वायरिंग'. याच साच्यात न मागता झालेलं नुकसानही बसतं. 'शी हॅड हर फोन स्टोलन' म्हणजे तिचा फोन चोरीला गेला, तिने चोरून घेतला असं नाही. 'करून घेणे' शब्दशः लावण्याची सोय इथे संपते. ऑक्सफर्ड हा अर्थ वेगळा क्रमांक देऊन दाखवते, आणि ऑक्सफर्डला पहिलं स्थान देण्याचं हे मोठं कारण आहे.

'हॅव टू'साठी ऑक्सफर्डमध्ये वेगळी नोंद आहे. शोधपेटीत नुसतं 'हॅव' टाकलंत आणि आलेल्या पानावर ती दिसली नाही तर 'हॅव टू' असं पूर्ण टाका. तिथे 'हॅव टू'चा ध्वनी ऐका, आणि एकदा नाही, चार वेळा ऐका. सहज बोलताना तो 'हॅफ टू' असा येतो, 'हॅज टू'चा 'हॅस टू' होतो. फोनवरचा परदेशी माणूस 'यू हॅफ टू' म्हणाला की आपण 'हाफ' शोधत बसतो.

अर्थाच्या बाजूने दोन खड्डे आहेत. पहिला नकाराचा. 'यू डोन्ट हॅव टू कम' म्हणजे तू आलं नाहीस तरी चालेल. 'यू मस्ट नॉट कम' म्हणजे येऊ नकोस. गेटवरच्या पाटीवर पहिलं लिहिलं तर कुणी आत शिरायचं थांबणार नाही. याची ताकीद तिन्ही ठिकाणी सापडते. दुसरा खड्डा खास आपला आणि तो कुठेच सापडत नाही. 'मला पुण्याला जायचं होतं' आणि 'मला पुण्याला जावं लागलं' या दोन्हींसाठी आपण 'आय हॅड टू गो टू पुणे' लिहितो. इंग्रजी कानाला त्यातून फक्त दुसरं ऐकू येतं: जावं लागलं आणि गेलो. 'जायचं होतं, पण पाऊस आला' असं असेल तर 'आय वॉज सपोज्ड टू गो टू पुणे' किंवा 'आय वॉन्टेड टू गो'. ठरलेलं होतं की नुसती इच्छा होती, त्याप्रमाणे दोहोंतलं एक निवडा.

सहायक क्रियापद म्हणून 'हॅव'ची वेगळी नोंद ऑक्सफर्ड आणि लाँगमन दोन्हींत आहे, पण तिथे दोन्ही आखडत्या हाताने देतात. चार-पाच उदाहरणं आणि संपलं. इथे केंब्रिज पुढे जाते. त्यांच्या संकेतस्थळावर व्याकरणाचा स्वतंत्र विभाग आहे आणि साधा भूतकाळ की प्रेझेंट परफेक्ट यावर वेगळं पान आहे. मराठी माणसाने ते एकदा शांतपणे वाचावंच, कारण 'काल मी पैसे भरले आहेत' हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे, पण 'आय हॅव पेड यस्टरडे' इंग्रजीत बसत नाही. कधी ते सांगितलं की 'हॅव' काढा: 'आय पेड यस्टरडे'. कधी ते न सांगता पैसे भरलेले आहेत एवढंच कळवायचं असेल तर 'आय हॅव पेड'.

याहून हट्टी चूक 'होतो'ची. 'मी गेल्या आठवड्यात मुंबईला गेलो होतो.' मराठीत सहज. त्याचं 'आय हॅड गॉन टू मुंबई लास्ट वीक' होतं आणि वाचणारा पुढच्या घटनेची वाट बघत राहतो, कारण इंग्रजीतलं 'हॅड गॉन' दुसऱ्या एखाद्या भूतकाळातल्या घटनेच्या आधीची गोष्ट सांगतं. 'आय वेंट टू मुंबई लास्ट वीक' पुरतं. 'आय हॅड सेंट यू अ मेल यस्टरडे' हेही तसंच, 'आय सेंट'. 'हॅड' तेव्हाच, जेव्हा दोन घटना असतात: 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट', मी पोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती. पाठवायच्या आधी मेलमधल्या प्रत्येक 'हॅड'वर बोट ठेवा आणि 'कशाच्या आधी?' असं विचारा. उत्तर नसेल तर तो खोडा.

'हॅव गॉट' ब्रिटिश बोलण्यात 'हॅव'इतकंच चालतं, तेही वर्तमानकाळात. 'हॅव यू अ पेन?' हे जुनं झालं. आज 'डू यू हॅव अ पेन?' किंवा 'हॅव यू गॉट अ पेन?'. या टिपा तिन्हीकडे ठीक आहेत.

लाँगमनच्या पानावर खाली वर्तमानपत्रांतून, पुस्तकांतून उचललेली वाक्यं असतात. त्यांत खरी भाषा आहे, पण संदर्भाविना तुटलेली वाक्यंही पुष्कळ. नवशिक्याने वरची, संपादकांनी लिहिलेली उदाहरणंच वाचावीत. त्यांतली बरीचशी पूर्ण वाक्यं ऐकताही येतात, आणि 'आय'व्ह', 'ही'ज' अशी आखडलेली रूपं कानावर बसवायला याहून चांगली मोफत सोय नाही. 'ही'ज गॉट अ कार' मधला 'ज' हा 'हॅज'चा आहे, 'इज'चा नाही. लिहिताना तो उलगडला की चूक उघडी पडते.

तिन्ही संकेतस्थळांवर जाहिराती आहेत आणि 'हॅव'सारख्या लांब नोंदीत मोबाइलवर त्या फार मध्ये येतात. शक्य असेल तर हे पान संगणकावर वाचा. छापील प्रत घ्यायची तर अभ्यासिकेत किंवा शाळेच्या वाचनालयात, जिथे एकाच वेळी दोन-तीन मुलं पानावर वाकून बघणार असतील. एकट्यासाठी संकेतस्थळ पुरे, कारण ध्वनी कागदावर मिळत नाही. ब्राउझरमध्ये ऑक्सफर्डच्या तीन नोंदी वेगवेगळ्या खुणा करून ठेवा: मुख्य 'हॅव', सहायक 'हॅव' आणि 'हॅव टू'. शिवाय केंब्रिजचं ते भूतकाळाचं पान. रजेचा अर्ज, पैसे भरल्याचा मेल आणि 'जायचं होतं'चा खुलासा, यांतलं काहीही लिहायची वेळ आली की यातलं एक पान उघडावं लागतंच.